दुसरी वायर

माझा स्वभाव संशयी आहे, हे माझं लग्न ठरवतानाच आमच्याकडच्यांनी सांगून टाकायला हवं होतं. नागावच्या घरी इंटरनेट येतं पुढच्या पडवीत, आणि मी काम करते वाडीच्या टोकाला, जुन्या भाताच्या खोलीत. मधे नारळ, विहीर आणि सासऱ्यांची नजर. खाऱ्या हवेने वायरीचं टोक गंजलं आणि भर मीटिंगमध्ये माझा आवाज दोनदा गेला. साहेबांनी गोड शब्दांत सांगितलं, पुन्हा असं झालं तर मुंबईच्या ऑफिसात यावं लागेल.

म्हणून मी दोन वायरी टाकल्या. दोन्हीकडच्या नेटच्या स्विचवर, वायरी खोचायच्या त्या डब्यांवर, दोन-दोन पोर्ट जोडून ठेवले, म्हणजे दोन्ही वायरी मिळून एकच रस्ता. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या पाहुण्यांच्या खोल्यांमधले सिनेमे आणि माझी मीटिंग एकमेकांच्या आड येणार नाहीत, आणि एक वायर गेली तरी दुसरी काम चालू ठेवेल. हे सगळं, साहेबांच्या तंबीसकट, मी सासऱ्यांना मोठ्या कौतुकाने समजावलं. ते नुसते हं म्हणाले.

आठवड्याभरात एका पोर्टचा दिवा विझलेला दिसला. पडवीत जाऊन पाहिलं तर वायर काढलेली. लावली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. नवरा ट्रकवर, पाहुणे समुद्रावर, मग घरात राहिलं कोण? वाडीतून वायर नेली तेव्हाच सासऱ्यांचं तोंड वाकडं झालं होतं. सुनेने गावातल्या इतर सुनांसारखं शहरात जावं, असं त्यांच्या मनात असणार. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं.

एका दुपारी मी खोलीत जातेय असं दाखवून माजघराच्या दाराआड उभी राहिले. सासरे आले, स्विचचा डबा उघडला, एक वायर काढली, टोक धोतराला पुसलं आणि वर प्लॅस्टिकची पिशवी बांधू लागले.

"बाबा, हे काय चाललंय?"

ते दचकले नाहीत. "दोन्ही दोर एकदम विहिरीत सोडतात काय, बाय? एक पान्यात, एक खुंटीला सुका. पयला तुटला का दुसरा हाय. तू दोन्ही खाऱ्या हवेत घालून बसलीस. दोन्ही संगती कुजल्या, मंग?"

"एक गेली की दुसरी आपोआप काम करते, बाबा. दोन्ही लावलेल्याच लागतात."

"आनि दोन्ही गेल्या तं तू जानार मुंबईला." पिशवीची गाठ त्यांनी घट्ट केली. "मंग ह्या घरात मी एकलाच न्हाय काय?"

मी गाठ सोडून वायर पुन्हा लावली, दिवा पेटलेला त्यांना दाखवला, आणि दोन टाकून उरलेली तिसरी वायर आणून त्यांच्या हातात दिली. ती आता विहिरीच्या दोराशेजारी खुंटीला टांगलेली असते. रोज सकाळी पाणी काढून झालं की ते ती कोरडी आहे ना, बघतात.