डिसेंबरचा चेहरा

इरावती दगड कोरते. इंग्लंडात मेडनहेडजवळच्या एका जुन्या चर्चच्या दारावर, कमानीत, बारा महिन्यांची बारा कामं कोरलेली आहेत. फेब्रुवारीतला माणूस शेकोटीशी पाय शेकतो, जुलैतला गवत कापतो, नोव्हेंबरातला डुक्कर मारतो, डिसेंबरातला टेबलाशी बसून नुसता खातो. आठशे वर्षांच्या पावसाने त्यातले पाच महिने पार झिजले होते. ते नव्याने कोरायचं काम तिच्या वर्कशॉपला मिळालं.

त्या पाचांतले चार महिने ऍरनकाकांनी कोरले. काका तरुणपणी मुंबईहून आलेले ज्यू. इरावतीला छिन्नी धरायला त्यांनीच शिकवलं, तेही मराठीतून, कारण शिव्या त्यांना मराठीतच सुचायच्या. चौथा महिना पुरा झाला त्याच शुक्रवारी मालक कॉलिनने "हात थरथरतात" म्हणून त्यांना घरी बसवलं. पुढे चर्चच्या दाराशी पाटी लागली, तिच्यावर शिल्पकार म्हणून एकट्या कॉलिनचं नाव.

इरावतीने विचारलं तर तो हसला. "वर्कशॉप माझं. हात कोणाचे, त्याने काय होतं?" मग म्हणाला, "डिसेंबर तू कर. आणि चेहरा माझा दे. जुने कारागीर द्यायचेच की ओळखीचे चेहरे."

तिने दिला. दुहेरी हनुवटी, फुगलेले गाल, तोंडात मावत नाही एवढा घास. फक्त दगड तिने उभा घेतला. या दगडाला पुस्तकाच्या पानांसारखे थर असतात. खाणीत ते आडवे पडलेले असतात, भिंतीतही तसेच आडवे बसवायचे, हा पहिल्या दिवशीचा धडा. उभे लावले, तर गारठ्यात बाहेरून एकेक पान सुटतं. कॉलिनने वीस वर्षांत छिन्नी उचललेली नव्हती. तो खूश होऊन स्वतःचं नाक बघत राहिला.

दगड बसला त्या रविवारी ती हॅरोला काकांच्या घरी गेली आणि थर उभे लावल्याचं सांगून टाकलं.

"किती हिवाळे?" काकांनी विचारलं.

"दहा. मॅक्स बारा. आधी नाक जाईल."

काका खोकला येईपर्यंत हसले. "पोरी, मी ऐंशीला टेकलो. बारा हिवाळे कोण बघणार?"

"मी बघेन ना, तुमच्यासाठी."

"तू कशाला? अपमान माझा झालाय." ते पुढे वाकले. "डिसेंबरच्या वरच्या सांध्यात चुना भरलास?"

"हो. तुम्ही शिकवलात तसाच, एकदम टाइट."

"तिथेच चुकलीस. उकर तो. पाणी आत जाऊ दे, मग बघ पहिल्याच फ्रॉस्टला."

"काका, पण ते बॅड वर्क होईल. चर्चचं काम आहे."

"आणि दगड उभा लावलास, तेव्हा काय आरती करत होतीस?"

दारापुढची बांबूंची परांची गुरुवारी उतरणार होती. बुधवारी सकाळी सातला इरावती वर चढली. नोव्हेंबरला धक्का न लावता तिने डिसेंबरच्या डोक्यावरचा सांधा बोटभर खोल उकरला आणि चुन्याची पूड रिकाम्या डब्यात भरून घेतली. खाली उतरल्यावर काकांना एकच शब्द पाठवला: "डन."

त्या संध्याकाळी ऍरनकाकांनी नातीकडून फोनवर हवामानाचं ॲप घालून घेतलं. नात हॅरो टाइप करू लागली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला.

"हॅरो नको. मेडनहेड टाक."