उशाखालची भाकर

बाबा गेल्याची तार अकोल्याला माझ्या शाळेत आली, तेव्हा मी मुलींचं शिवणकाम तपासत होते. मिळेल त्या मोटारीनं अमरावती गाठली, पण तोवर त्यांना नेलं होतं. दाराशी बायका गळ्यात पडून रडल्या. त्यांतली एक म्हणाली, "शेवटचं पानी सुनेच्या हातचं घेतलं बुढ्यानं. नशीबवान आहे पोरगी."

खरं सांगते, रडू येण्याआधी मला माझ्या भावजयीचा हेवा वाटला.

हा हेवा जुनाच होता. पहिल्या महायुद्धात बाबा फौजेतून इराकात बसऱ्याकडे गेले होते. परत आल्यावर ते अमरावतीच्या कचेरीत चपराशी झाले. आई लवकर गेली. मला त्यांनी सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडलं, आणि नातेवाईक नको म्हणत असताना मॅट्रिक होऊ दिलं. मी त्यांची लाडकी, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मात्र लढाईचं विचारलं की म्हणायचे, "काय सांगू वं? ऊन लय होतं." बस, एवढंच. धाकट्या भावालाही ते एवढंच सांगायचे, म्हणून माझी काही तक्रार नव्हती.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा भावाचं लग्न झालं. मुलगी अंजनगाव सुर्जीची. अक्षरओळख नाही, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मी तोवर लग्न होऊन अकोल्याला गेले होते. दिवाळीला माहेरी आले की दिसायचं, दुपारी ती चुलीपाशी तूर निवडते आहे आणि बाबा पाटावर बसून तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलताहेत. मी आत गेले की बोलणं थांबायचं.

"काय चाललं होतं बाबा?"

"काई नाई वं. ज्वारीचं सांगून राहिलो होतो."

ज्वारीचं बोलायला आवाज कशाला खाली करायला लागतो, असं मनात यायचं. मी पाणी पिऊन बाहेर यायची.

एका दिवाळीत सकाळी त्यांचं अंथरूण गुंडाळताना उशाखाली फडक्यात बांधलेली अर्धी भाकर सापडली. मुंग्या लागल्या होत्या. मी त्यांना चारचौघांत बोलले, "बाबा, घरात तुम्हाला कोणी उपाशी ठेवतं का? लहान मुलासारखं काय हे?" ते उठून अंगणात निघून गेले. भावजयीनं माझ्या हातून फडकं घेतलं, झटकलं, तव्यावरची भाकर अर्धी मोडून त्यात बांधली आणि परत उशाखाली ठेवली.

"राहू द्या बाई," ती म्हणाली. "रोज सकाळी बदलाले लागते."

मला वाटलं, मला दाखवायला करते आहे. अकोल्याला गेल्यावर मी भावाला पत्रही लिहिलं की तुझी बायको बाबांच्या नको त्या सवयींना खतपाणी घालते.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. भावजय बाबांचा फौजी ओव्हरकोट उन्हात पसरत होती. मी म्हटलं, "तो मी नेणार." तिनं घडी करून माझ्या हातात दिला. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. मग न राहवून मी विचारलं, "बाबा उशाखाली भाकर कावून ठेवत होते?"

ती ओट्यावर बसली. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, ती मामाजी म्हणायची. "लढाईत वेढ्यात सापडले होते मामाजी. कित्येक महिने. दाना संपला, मंग घोडे कापाले लागले. मामाजीनं पयले खाल्लं नाई. मंग खाल्लं. गावात कळलं असतं तर पंगतीतून उठवलं असतं, म्हनून कोनाले बोलले नाई."

"तुले बोलले. मले नाई बोलले."

"मी भाकर पाह्यली आन विचारलं. त्यांनी सांगतलं."

भाकर मीही पाहिली होती. मग विचारलं, "आणखी काय सांगितलं?"

"लय सांगतलं. कैदेत पायी चालवत नेलं ते. त्यांच्या एका दोस्ताचं."

"दोस्ताचं काय?"

तिनं विचार केला. "ते नाई सांगत बाई. ते त्यांनी मले सांगतलं."

"मी त्यांची मुलगी आहे."

"हो," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

पुढच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी पुन्हा विचारून पाहिलं. तिनं ताटात पुरणपोळी वाढली आणि माझ्या मुलांच्या परीक्षेची चौकशी केली. भावाला विचारलं, तर त्यालाही माहीत नव्हतं. आता तिच्यावर राग नाही. बाबांसाठी ती माझ्याइतकीच रडली, कदाचित जास्त, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण त्यांचा विषय निघाला आणि बोलता बोलता ती मधेच गप्प झाली, की मी अजूनही हातातलं काम थांबवून तिच्या तोंडाकडे पाहत राहते.