फुलं सरली की जाते

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दौंडच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आल्या त्या परतीचं ठरवूनच. नव्वदीच्या दशकाचा शेवट असेल. मामंजी गेल्यावर शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठच्या घरात त्या एकट्याच उरल्या होत्या. ह्यांनी फार गळ घातली, तेव्हा एक पिशवी आणि काखेत सूप घेऊन एसटीतून उतरल्या आणि उंबऱ्यातच सांगून टाकलं, "शिमग्यापतुर ऱ्हाते. मग मला कुनी आडवायचं न्हाई."

"सूप कशाला आणलंत एवढ्या लांबून?" मी विचारलं.

"तुज्याकडं कुठलं आसनार चांगलं!" त्या म्हणाल्या. खरंच नव्हतं.

त्यांनी कायमचं राहावं असं मला मनापासून वाटत होतं. त्यात सुनेचं कर्तव्य वगैरे काही नव्हतं. ह्यांच्या ड्यूट्या वेळीअवेळी, मला बोलायला माणूस हवं होतं. आणि आत्याबाईंचं बोलणं ठेच्यासारखं, डोळ्यांत पाणी आणणारं, तरी पुन्हा घ्यावंसं वाटणारं. पण आमच्या दोन खोल्यांत त्यांच्या हाताला कामच नव्हतं. दळण गिरणीतून यायचं, पाणी नळाला, शेगडी गॅसची. दुपारभर त्या पायरीवर बसून मालगाड्यांकडे रागाने बघत राहायच्या, जणू त्याच गाड्यांनी त्यांना इथे आणून टाकलं होतं.

काम म्हणण्यासारखं माझ्याकडे एकच होतं, झिनियाचं. बदली होऊन गेलेल्या एका शेजारणीने जाताना मला बियांची पुडी दिली होती. रेल्वेतल्या बायकांची ती रीतच. सामानाच्या ट्रकमध्ये कुंड्या मावत नाहीत, मग बी वाटून जायचं. दिवाळीच्या सुमारास कुंपणाशी लाल, केशरी, गुलाबी अशी फुलं आली होती. त्यातली चांगली झाडावरच वाळू देऊन मी काढून ठेवली होती. संक्रांत होऊन गारठा ओसरला, तशी ती परातीत घालून आत्याबाईंपुढे ठेवली. "एवढं बी साफ करून द्या," म्हटलं आणि बाजारात गेले.

परत आले तर आत्याबाई कधी नव्हे त्या खुशीत होत्या. "घे, येक नंबर निवडलंय," म्हणत त्यांनी डबी हातात दिली. उघडून बघते तर आत फुलांची नुसती टणक बोंडं!

झिनियाचं बी चपटं, करडं, वाळल्या पाकळीच्या बुडाशी चिकटलेलं असतं. बघणाऱ्याला भुसाच वाटतो. जन्मभर बाजरी पाखडलेल्या हातांनी फुलं चुरली होती, सुपात घेतली होती, आणि जड ते राखून हलकं ते वाऱ्यावर सोडलं होतं. मला हसू आवरेना. "अहो आत्याबाई, बी तर उडून गेलं!"

त्या हसल्या नाहीत. "म्हंजी बी फेकलं आन् कचरा राखला व्हय मी?" एवढंच म्हणाल्या. रात्री भाकरी अर्धीच खाल्ली आणि ह्यांना म्हणाल्या, "मला उद्याच्या गाडीत बसीव. हितलं मला काय उमजत न्हाई." ह्यांनी रजा नसल्याचं सांगून वेळ मारून नेली. बी काय, कुणाकडून तरी मिळालं असतं; आत्याबाई कुठून आणायच्या होत्या?

पुढे काही दिवसांनी मागच्या दारी भांडी घासताना मला दिसलं, मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं त्या ओलीत दाट हिरवी रोपं उगवली होती. वारा त्या दिवशी तिकडेच वाहत असणार. मी ती लगेच ओळखली, पण तसं दाखवलं नाही. हाक मारली, "आत्याबाई, बघा हो, कसलं तण माजलंय!"

त्या आल्या, उकिडव्या बसल्या, पानं चाचपली. "तण न्हाई ह्ये. तण आसं येका टायमाला, येका मापाचं येत न्हाई." मग माझ्याकडे बघितलं. "माजंच हाय व्हय गं?"

"तुमचंच!"

ऊन उतरल्यावर मिरचीची रोपं लावावीत तशी मुळाशी माती राखून एकेक रोप त्यांनी अंगणात हलवलं. अंघोळीचं पाणीसुद्धा मग वाया जाईना. शिमगा आला, पुरणपोळी झाली, जाण्याची गोष्ट कुणीच काढली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "कळ्या धरल्यात. येक फूल बघते आन् जाते."

पहिलं फूल लालभडक आलं. सकाळच्या वंदनेला त्यांनी ते बुद्धाच्या मूर्तीपुढे ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला आत नेऊन दाखवलं. मग नवी मुदत निघाली. "आता फुलं सरली की जाते."

मी मनातल्या मनात उड्या मारल्या. झिनियाची खोड मला ठाऊक होती. सुकलेलं फूल वेळेवर खुडलं की बाजूने नवे फुटवे येतात आणि तो फुलतच राहतो. बी धरू दिलं की आटोपतं घेतो. दुपारी त्यांचा डोळा लागला की मी गुपचूप जाऊन सुकलेली फुलं खुडायला लागले. चैत्र गेला, वैशाख तापला, फुलं काही सरेनात. पुढेपुढे तर मला खुडायला काही उरेचना. झाडांवर सगळी ताजीच. म्हटलं, माती चांगली लागली असेल.

एकदा पहाटे गाडीच्या शिट्टीने जाग आली. बाहेर आले तर आत्याबाई अंगणात वाकलेल्या, पदराच्या ओच्यात सुकलेली फुलं.

"हे काय करताय?"

त्या दचकल्या. "कुठं काय. सुकल्याली काढते. ऱ्हाऊ दिली तर झाड दमतं, मग फुलं सरत्यात."

"मग सरू द्यात की," मी उगीच म्हटलं.

त्या ओच्यातली फुलं चाळायला लागल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सरली तर मला जावं लागंल न्हवं?"

पदर खोचला आणि मी दुसऱ्या टोकाकडून खुडायला लागले.