मामांच्या अंगणातलं शिसं

शाहपुरच्या बाजारात पत्रकं वाटत होते, तेव्हा मामीचा फोन आला. "गेले गं तुझे मामा." हातातल्या पत्रकावर मामांचाच फोटो होता. खाली मीच लिहिलेलं, 'बॅटरीसाठी डोंगर फोडू नका, जुना धातू पुन्हा वापरा.' पुढे हात केलेल्या माणसाला ते पत्रक देववलं नाही...

इतवारा मोहल्ल्यात मामांचं मोटार-बॅटरीचं दुकान, मागे अंगण, वर घर. केळीच्या मळ्यांतल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडेच यायच्या. पुढे ई-रिक्षा आल्या, तशा त्यांच्या मेलेल्या बॅटऱ्याही. मामा त्या फोडायचे, आतल्या शिशाच्या पट्ट्या धुवायचे आणि अंगणात लोखंडी कढईत वितळवायचे. आठवड्याला एखादी बॅटरी, तेवढंच. विजेच्या गाड्यांसाठी, सौर पंपांसाठी कुठे कुठे खाणी खोदतायत हे मी गावभर ओरडून सांगत होते, आणि लोक विचारायचे, मग धातू आणायचा कुठून? उत्तर मला घरातच सापडलं. "मामा, तुमचा फोटो छापते." "छाप ना, भाषणबाई! पण बाल काले करके छाप, मामी पण बघेल."

पत्रक फिरलं आणि ढीग लागला. लोक शटरसमोर बॅटऱ्या ठेवून जायचे, भट्टी रोज पेटायची. धुराने घसा धरला की मामा गुळाचा खडा तोंडात टाकायचे. गूळ धूर कापतो, असं त्यांच्या उस्तादांनी शिकवलेलं. डबा भट्टीशेजारीच, आणि हात तेच, शिशाने काळे. "मामा, हात तरी धुवा." "अगं, गूळ आहे ना, सब साफ करतो!" तो गूळ शाहपुरहून मीच आणायचे. त्यांची सून सुनीता पोटुशी. तिलाही त्याच हाताने खडा मिळायचा. "घे पोरी, रक्त वाढतं."

आधी पोट दुखायला लागलं. मग मनगट लुळं पडलं, पाना हातातून सुटायचा. डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता? मामा म्हणाले, "मोटर रिवाइंडिंग." बाहेर आल्यावर मी चिडले, "शिशाचं का नाही सांगितलं?" "तुझ्या पर्च्यावर माझा फोटो आहे ना... लोग क्या बोलेंगे?" मला परत आत जाऊन सांगता आलं असतं. दार चार पावलांवर होतं. नाही गेले. पुढे झटके आले, इंदूरला नेलं, तिथे रक्तात शिसं निघालं. तो अहवाल हाती येईपर्यंत मामा गेले होते.

खाणींबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. डोंगर पोखरून त्याचं विष दुसऱ्याच्या दारात ओतणाऱ्यांचा मला आजही संताप येतो. पण मी छापलं त्यात धुराडं नव्हतं, पट्ट्या धुतलेलं पाणी कुठे जाणार ते नव्हतं, वितळवणाऱ्याचं रक्त कोण तपासणार ते नव्हतं. जुना धातू वितळवायलाच हवा, पण धूर पकडणाऱ्या, परवाना असलेल्या कारखान्यात. आणि बॅटरी ज्याने विकली त्यानेच ती परत न्यावी. ती कुणाच्या तरी मामांच्या दारात टाकून मोकळं व्हायचं, याला स्वच्छ ऊर्जा म्हणू नका.

सुनीताच्या रक्तातही शिसं आहे. बाळाचं काय, ते डॉक्टर आत्ता सांगत नाहीत. तिला चांदनी गावी, माहेरी पाठवलंय. आम्ही तोंडाला फडकी बांधून अंगणाची माती वीतभर खरवडली, पोत्यांत भरली. न्यायची कुठे? कचरागाडीवाला हात लावत नाही, एक कार्यालय दुसऱ्याकडे पाठवतं. म्हणून पोती मामांच्या दुकानातच रचलीत, त्यांच्या स्टुलाभोवती. शटर बंद आहे, तरी सकाळी बाहेर एखादी बॅटरी ठेवलेली असतेच.

सुनीताचे दिवस भरत आलेत. रोज फोन करते. "ताई, अंगण साफ झालं ना? बाळाला घेऊन घरीच येणार हं मी."

मी म्हणते, थांब अजून... कधीपर्यंत, हे तिने अजून विचारलेलं नाही.