अर्ध्या कोयत्याचा फोन

३ डिसेंबर २०२४. अकरा कोप्या, एकोणचाळीस जीव.

केज तालुक्यातील एका शिवारात ऊसतोडीला उतरलेल्या टोळीच्या झोपड्यांची आणि माणसांची ही मोजणी. मुकादम बबनराव यांच्या वहीत मात्र साडेदहा कोयते एवढीच नोंद होती. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटे माणूस अर्धा, आणि मुले शून्य. या टोळीतला अर्धा कोयता म्हणजे मंजुळाबाई. वय अडतीस, गाव दिंद्रुडजवळचे, नवरा सहा वर्षांपूर्वी वारलेला. नववीतल्या मुलीला, आरोहीला, थोरल्या जावेकडे, बायनाबाईकडे, ठेवून ती दर हंगामात बाहेर पडते.

त्या रात्री नऊ वाजता तिने आपला फोन बंद केला. घटना एवढीच.

फोनने आपल्याला पुष्कळ दिले, हे ती स्वतःच आधी सांगते. पूर्वी वजनाची पावती मुकादम वाचून दाखवी आणि तो वाचील ते वजन खरे धरावे लागे. आता ती पावतीचा फोटो मुलीला पाठवते, मुलगी आकडा सांगते. दोनदा फरक निघाला आणि दोन्ही वेळा बबनरावांना वही दुरुस्त करावी लागली. हा अधिकार तिला कोणत्याही कायद्याने मिळवून दिला नव्हता. पण उसाच्या त्याच फडात तिने आणखी एक गोष्ट पाहिली होती. पूर्वी आया रांगते मूल कोपीच्या मेढीला लुगड्याने बांधून तोडीला जात. आता मुलाच्या हाती फोन देतात. मूल जागचे हलत नाही. मेढीला बांधलेले मूल निदान रडत तरी असे.

शिवाय रात्रीची हाक. पूर्वी ट्रक भरायला आला की बबनरावांना स्वतः फटफटीवर येऊन प्रत्येक कोपीपुढे ओरडावे लागे. ट्रक दिसल्याशिवाय ते अंथरूण सोडत नसत. फोन आल्यावर हाक मारायला काहीच कष्ट पडेनासे झाले. ट्रक कारखान्यावरून निघण्याआधीच टोळी उठवली जाऊ लागली. फोन मंजुळाबाईलाच येई, कारण गड्यांचे फोन रील पाहता पाहता संपलेले असत. ती दहा कोप्या उठवी. सगळे फडाच्या कडेला शेकोटीपाशी बसून राहत. ट्रक कधी तासाने येई, कधी तीन तासांनी. उजाडले की पुन्हा तोड. बबनरावांनाही कारखान्याची माणसे असेच उठवत, हे खरे. पण ते बोलून पुन्हा झोपू शकत.

२ डिसेंबरला अभिमन्यू नावाचा गडी झोपेच्या गुंगीत मोळीसकट ट्रकला लावलेल्या फळीवरून पडला आणि त्याचा खांदा निखळला. त्याला त्या रात्री उठवले होते मंजुळाबाईने. दुसऱ्या रात्री तिचा फोन बंद होता.

सकाळी बबनराव फडात आले.

“कावून बंद ठिवलता फोन?”

“निजले होते.”

“ट्रक चार तास हुबा हाय.”

“आमी रोजच बसतो की. त्याला एक रात सोसली न्हाई व्हय?”

शेजारी मोळी बांधणारी विमलबाई मान वर न करता म्हणाली, “त्याला टायर हायेत, मुकादम. पाय दुखत न्हाईत त्याचे.”

फडात हसू उठले. बबनराव हसले नाहीत.

फोन बंद ठेवण्याच्या चौथ्या रात्री आरोहीला ताप चढला. बायनाबाईने सात वेळा फोन लावला. शेवटी तीच मुलीला जीपमध्ये घालून माजलगावच्या दवाखान्यात घेऊन गेली. सकाळी फोन सुरू होताच मुलीचा आवाज आला, “आई, फोन कावून बंद ठिवलास?”

मुकादमाचाच प्रश्न. दिवसभर तोड करताना मंजुळाबाई त्याचाच हिशेब मांडत राहिली. फोन चालू ठेवावा तर दहा कोप्यांची झोप जाते, आणि बंद ठेवावा तर मुलगी एकटी पडते.

ताप उतरल्यावर मार्ग आरोहीनेच काढला. विमलबाईच्या फोनवर फोन करून तिने आईला एकेक बटण सांगितले. तासभर लागला. आईने दोनदा भलतेच दाबले. त्यानंतर रात्री नऊ ते पहाटे पाच त्या फोनवर दोनच नंबर वाजू शकत होते, आरोहीचा आणि बायनाबाईचा.

हे बबनरावांच्या कानावर गेले.

“पोरीचा फोन वाजतो म्हनं रातचा.”

“वाजतो.”

“मंग फोन चालूच हाय की.”

“तिच्यासाठी चालू हाय.”

“आन मी कोन?”

“तुमी दिवसाचे मुकादम.”

“पुढल्या साली टोळीत घेनार न्हाई तुला.”

“बरं. यंदा मातर रातचं सोता या. कोप्या कुठं हायेत ते तुमाला ठावं हाय.”

त्यांनी दुसऱ्या कोप्यांचे नंबर फिरवले. तोवर विमलबाईने सगळ्यांच्या फोनवर तीच व्यवस्था करून दिली होती. तीन रात्री बबनराव थंडीत फटफटीवर आले, प्रत्येक कोपीपुढे ओरडले आणि ट्रक येईपर्यंत टोळीबरोबर बसले. चौथ्या दिवशी त्यांनी ड्रायव्हरला पहाटे पाचच्या आत येऊ नकोस असे बजावले. मार्चपर्यंत तसेच चालले.

पुढच्या हंगामासाठी मंजुळाबाईला त्यांनी खरोखरच बोलावले नाही. ती घाटनांदूरच्या एका मुकादमाकडे गेली आणि हंगामाची आगाऊ उचल घेण्याआधी त्याला सांगितले, “रातचा फोन लागनार न्हाई. चालत आसंल तर नाव लिवा.” त्याने विचार करायला दोन दिवस घेतले आणि नाव लिहिले.

अभिमन्यूच्या खांद्याच्या उपचाराचा खर्च आणि ट्रकची वाट पाहत बसलेल्या तासांची मजुरी अद्याप कोणी दिलेली नाही.