चालत येईल त्याची जागा

लोखंडी खाटेच्या दांड्यावर अडकित्ता टक्‌टक् वाजला, की समजायचं, ते आले. सुपारी ते खात नसत. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त होताना तिकिटं पाडायचा पंच डेपोत जमा करावा लागला, तेव्हापासून हातात वाजवायला काहीतरी हवं म्हणून खिशात अडकित्ता.

‘चला, पुढे सरका! मागे पॅसेंजर उभे आहेत!’

मागे कोणीही नसायचं. समोर एखादे आजोबा पांघरुणात असायचे, आणि पुढे सरकायचं म्हणजे खाटेवरून उठून स्वयंपाकघरापर्यंत जायचं.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत म्हाताऱ्या माणसांना चालवण्याचा हा उद्योग त्यांनी काढला होता. कोणी बोलावलेलं नव्हतं. उमेदीची वर्षं सटाण्याच्या गाडीवर उभ्यानं काढल्यामुळे बसलेला माणूस दिसला, की त्यांना तो फुकट प्रवास करतोय असं वाटायचं.

मागच्या गल्लीतल्या एका आजींची तपकिरीची डबी त्यांनी उंच फळीवर ठेवली. हात वर जावा, हा हेतू. आजींनी काठी उगारली आणि त्यांना पार गल्लीच्या टोकापर्यंत हाकललं. हे पळता पळता ओरडत होते, ‘बघा, बघा! काठी न टेकता आल्या!’

तुम्हीही अशी घरं पाहिली असतील. म्हाताऱ्या माणसाचा मान राखायचा म्हणजे त्याला हलू द्यायचं नाही. चहा हातात, पेपर हातात, चष्मा तर थेट नाकावर. माझे वडील मोरीत घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं, आणि आमच्या घरी हा मान शिगेला पोचला. वडील निवृत्त मुख्याध्यापक. खाटेवर लोडाला टेकून ते असे बसत, की भेटायला येणारा माणूस नकळत हाताची घडी घाली.

हाड जुळलं. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, ‘आता चालले नाहीत, तर खाट कायमची.’ वडिलांना उचलून बसवताना आईची कंबर आधीच गेली होती. ती कोणाला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी अडकित्ता आमच्या दारावर वाजला.

‘मास्तर शे का घरमा?’ खुशीत असले, की ते अहिराणीवर येत.

‘मी आजारी आहे,’ वडील म्हणाले.

‘आजारी होतात. आता गाडी दुरुस्त झाली, पण ड्रायव्हर ती काढत नाही.’

‘मी मुख्याध्यापक होतो. माझ्याशी नीट बोला.’

‘एस.टी.त आमदारांची शीट राखीव असते, मास्तर. मुख्याध्यापकांची नाही.’

आठवडा गेला. वडील हलले नाहीत. मग कंडक्टरांनी आमच्या ओट्यावरच्या आरामखुर्चीवर नजर टाकली. ती वडिलांची होती, आणि त्यांच्याखेरीज त्या खुर्चीवर फक्त मांजर बसे, तेही वडिलांचा डोळा चुकवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत समोरच्या ब्लॉकातले निवृत्त शाळा-इन्स्पेक्टर बसलेले होते. या गृहस्थांनी कोणे एके काळी वडिलांच्या शाळेची तपासणी करून शेरेबुकात फक्त ‘ठीक’ असं लिहिलं होतं. तो ‘ठीक’ वडिलांच्या छातीत कायमचा रुतलेला. खिडकीतून त्यांना इन्स्पेक्टरांचं टक्कल दिसत होतं.

‘त्यांना उठवा,’ वडील आईला म्हणाले.

‘आता पाहुण्यांना कसं उठवू? तुम्हीच सांगा जाऊन.’

वडिलांनी विचार केला. मग उशीखालचा घडीचा रुमाल काढून आईच्या हातात दिला. ‘उद्या सकाळी हा खुर्चीवर टाक. जागा धरलेली आहे म्हणावं.’

हे खरंच घडलं. बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी आमच्या वडिलांनी स्वतःच्याच ओट्यावर स्वतःचीच खुर्ची धरली.

सकाळी इन्स्पेक्टरांना पुन्हा ओट्यावर आणून, रुमाल चिमटीत धरून कंडक्टर आत आले. ‘मास्तर, गाडीत रुमाल चढलाय. पॅसेंजर कुठाय?’

‘ती खुर्ची माझी आहे!’

‘चालत येईल त्याची जागा. इन्स्पेक्टरसाहेब, बसा हो खुशाल, पाय पसरून बसा!’

वडिलांनी काठी मागितली. खाटेवरून उठले, डगमगले. आई पुढे धावली, तर कंडक्टरांनी तिला नजरेनं थांबवलं आणि वडिलांच्या बंडीचं मागचं टोक तेवढं धरलं. ‘मला शिव्या घाला मास्तर, पण खाली बसू नका.’ वडिलांनी घातल्या. शुद्ध आणि व्याकरणशुद्ध, थेट ओट्यापर्यंत. इन्स्पेक्टर उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘उत्तम!’

आई दाराआड तोंडाला पदर लावून उभी होती. हसत होती की रडत, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

त्यानंतर चारेक वर्षांनी एका उन्हाळ्यात कंडक्टर गेले. दोन दिवसांचा ताप, बस्स. रिक्षा नाकारून वडील पायी त्यांच्या घरी भेटायला गेले. मी मागे होतो. वडिलांनी त्यांच्या बायकोला सांगितलं, ‘वहिनी, त्यांनी मला खाटेवरून उठवलं.’

वहिनी बघतच राहिल्या. ‘यांनी? अहो, घरी आले की पलंगावर जे पसरायचे! चहा हातात, ताट हातात. उशाशी ठेवलेला पंखासुद्धा मीच हलवायचा. लय आळशी माणूस, भाऊ.’

सुतकाच्या घरात वडिलांना हसू आवरेना. मग वहिनीही हसू लागल्या, आणि हसता हसता त्यांना हुंदका आला. भिंतीला धरून त्या पाणी आणायला उठू लागल्या.

‘बसा तुम्ही,’ वडील म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी कधी कोणाला पाणी दिलं नव्हतं. परक्या स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी माठ शोधला, निम्मं पाणी वाटेत सांडलं, आणि उरलेल्या पाण्याचं फुलपात्र वहिनींच्या पुढे धरलं.