कोणता संजय पवार?

घरात रिकाम्या पिशव्या जमतात ना, तसे सॉफ्टवेअरवाल्यांकडे किस्से जमतात. मुद्दाम कोणी साठवत नाही आणि टाकवतही नाहीत. आमच्या हिंजवडीच्या टीमकडे सगळ्यात जास्त जमले ते एका पॅथॉलॉजी लॅबच्या कामात.

झालं असं, की लॅबच्या स्वारगेट शाखेत रिपोर्टांची अदलाबदल व्हायला लागली. एका संजय पवारांचा रिपोर्ट दुसऱ्या संजय पवारांना! मोठ्या डॉक्टरांनी ठरवूनच टाकलं, की रक्त घेणारे सुतारकाकाच ट्यूबवर चुकीची लेबलं लावतात. काकांची नोकरी बावीस वर्षांची. "महिनाअखेरपर्यंत बघतो," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर सुतारांना घरी बसवतो." रिपोर्ट काढणारा प्रोग्राम आमचा, म्हणून चूक शोधायचं काम आमच्याकडे आलं.

*

प्रोग्राम स्वतःच्या कामाच्या नोंदी एका फाइलमध्ये लिहीत असतो. ती उघडली, तर एकच वाक्य पुन्हा पुन्हा: "एका रेकॉर्डमध्ये गडबड आहे." बस्स! कोणाचं रेकॉर्ड, कोणतं, काही पत्ता नाही.

आमच्या टीम लीड कांबळे मॅडम भडकल्या. "गर्दीत कोणीतरी हरवलंय, एवढंच सांगून काय उपयोग? कोणी लिहिलाय हा मेसेज?"

आमच्या निखिलने शोधलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"बोल की! नाव सांग!"

"मॅडम... तुम्ही. सहा वर्षांपूर्वी."

मॅडमनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाल्या, "चला, चहा पिऊन येऊ."

*

निखिल टीममध्ये सगळ्यात हुशार. त्याने तोडगा काढला, की नावाला जन्मतारीख जोडायची, म्हणजे दोन पवार वेगळे होतील. लॅबने वाघोलीत ज्येष्ठांसाठी कॅम्प घेतला होता, त्याच्या डेटावर करून पाहिलं आणि दहा मिनिटांत ओरडत आला.

"मॅडम, डेटा करप्ट झालाय! अर्धे पेशंट एक जूनला जन्मलेत!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या आजोबांना फोन लाव. वाढदिवस विचार."

निखिलने स्पीकरवरच लावला. आजोबा म्हणाले, "एक जून. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिली तीच. का रे, केक आणतोयस का?"

*

जन्मतारीख बाद झाली, मग मोबाइल नंबर जोडून पाहिला. तर एकाच नंबरवर अकरा पेशंट! आडनावं वेगळी, वयं वेगळी. मी त्या नंबरवर फोन केला. पलीकडे एका सोसायटीचे सेक्रेटरी.

"अहो, हे अकराही रिपोर्ट तुमच्याच नंबरवर कसे?"

"सेक्रेटरी आहे मी. या बिल्डिंगमध्ये कोणाची साखरसुद्धा मला कळल्याशिवाय वाढत नाही. आणखी काही?"

फोन ठेवला त्यांनी.

*

शेवटी मी स्वारगेटला जाऊन काकांचं काम पाहायचं ठरवलं. काका ट्यूब हातात घेऊन नाव दोनदा विचारत होते, दोनदा वाचत होते. मागच्या कपाटात जुन्या वह्यांची चळत होती. प्रत्येक ट्यूबला एक नंबर, तोच वहीत, तोच रिपोर्टवर. सोळा वर्षांत एक नंबर दोघांना दिलेला नाही!

"काका, मग हे बंद का केलंत?"

"तुमीच सांगितलं न्हवं का ट्रेनिंगला? 'काका, आता कॉम्प्युटर आलाय, नंबरबिंबर काय लागत नाय' म्हणून."

मला खरंच आठवलं. ते ट्रेनिंग मीच घेतलं होतं आणि हे वाक्यही माझंच होतं.

*

मग काकांचीच पद्धत प्रोग्राममध्ये घातली. नोंद होताच प्रत्येक ट्यूबला स्वतःचा नंबर आणि प्रोग्रामच्या प्रत्येक मेसेजमध्ये तो नंबर. निखिलने हौसेने छत्तीस अक्षरी नंबर बनवला. काका फोनवर वाचून दाखवायला लागले आणि मध्येच थांबले.

"सर, ह्यो नंबर हाय का स्तोत्र? वाचेपर्यंत रक्त गोठंल!"

नंबर आठ आकड्यांवर आला.

*

चौथ्या दिवशी पुन्हा अदलाबदल झाली आणि या वेळी सापडली! नंबर धरून एकेक टप्पा तपासला. काकांचं लेबल बरोबर, मशिनमधली तपासणी बरोबर. चुकत होतं ते पुढे. रिपोर्ट पेशंटला जोडताना प्रोग्राम नुसतं नाव बघायचा आणि पहिला जो संजय पवार सापडेल त्याला चिकटवायचा. प्रोग्राममधली ती ओळ मी लिहिली होती.

डॉक्टरांच्या केबिनमध्ये मॅडमनी सगळं समजावलं. माझं नाव तेवढं घेतलं नाही. मी खाली मान घालून बसलो होतो. काका दाराशी उभे होते, त्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं.

"म्हणजे सुतारांची चूक नाही," डॉक्टर म्हणाले. "मग कोणाची? मला नाव पाहिजे."

मी उठलो. तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"जाऊ द्या की डॉक्टर. नंबरावरनं चूक घावली न्हवं? आता नाव कशाला पायजे!"